श्रद्धेला तारीख नसते

कॉलेजच्या निबंध स्पर्धेत श्रद्धा, भाषा, समाज असे विषय निघाले की दोन वाक्यं हमखास येतात. श्रद्धा ही ज्याची त्याची निवड असते, हे एक. भाषा आईच्या दुधाबरोबर मिळते, हे दुसरं. मीही ही वाक्यं लिहिली आहेत आणि त्यांवर मार्कही घेतले आहेत. दोन्ही ऐकायला बरी वाटतात, व्याख्यानात टाळ्या घेतात, अग्रलेखात खपून जातात. माझं म्हणणं असं, की ही वाक्यं नुसती उथळ नाहीत, उलटी टांगलेली आहेत. श्रद्धा बहुतेकांना मिळालेली असते. भाषा, म्हणजे पहिली सोडून पुढची प्रत्येक भाषा, माणसाने कमावलेली असते. समाज मात्र मिळालेल्या गोष्टीला निवडीचा मान देतो, आणि कमावलेल्या गोष्टीपाशी आला की जन्माचा दाखला मागतो.

हा उलटा हिशेब सगळीकडेच चालतो, पण वाराणसीत तो उघड्यावर मांडलेला दिसतो. मराठी माणसाचं या गावात निदान साडेचारशे वर्षांचं येणंजाणं आहे, त्यामुळे पुरावेही बरेचसे घरचेच सापडतात.

१. निवड ओळखायची कशी

एखादी गोष्ट आपण निवडली असं म्हणायचं तर दोन प्रश्नांना उत्तर देता आलं पाहिजे. केव्हा निवडली, आणि तिच्यासाठी काय मोजलं. बाजारातून पातेलं आणलं तरी ही उत्तरं देता येतात. शाळेत मी संस्कृत घेतलं, पूर्ण संस्कृत, संयुक्त नव्हे. कारण विषय 'स्कोअरिंग' होता. तारीख शाळेच्या रजिस्टरात सापडेल. किंमत म्हणजे रोज सकाळी 'देव' शब्द चालवणं, सातही विभक्तींत आणि तिन्ही वचनांत. देवावर विश्वास आहे का, असं बाईंनी कधी विचारलं नाही. महाराष्ट्रात दरवर्षी असंख्य मुलं अशीच मार्कांसाठी संस्कृत घेतात आणि त्यांच्या हक्काबद्दल कुणाच्या मनात शंका येत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता हेच दोन प्रश्न श्रद्धेला विचारून पाहा. गणपतीपुढे हात कधीपासून जोडायला लागलो, याची तारीख कोण सांगेल? हात कुणीतरी धरून जोडले होते. डोळे मिटायला कुणीतरी सांगितलं होतं. आपण जागे झालो तेव्हा श्रद्धा घरात होतीच, देवघरातल्या समईसारखी. तिची किंमतही आपण मोजलेली नाही. वाडवडिलांनी मोजली असेल.

यावर कुणी म्हणेल, पण मोठेपणी आपण ती राखायची की सोडायची हे ठरवतोच की. खरंच ठरवतो का? एक प्रयोग करू. बनारसला गंगा उत्तरवाहिनी आहे. पूर्वेच्या समुद्राकडे निघालेली नदी इथे वळून उत्तरेला तोंड करते, आणि सगळे घाट तिच्या पश्चिम काठावर उगवतीकडे पाहत उभे आहेत. हे ज्याला ठाऊक आहे त्याने आत्ता, ठरवून, फक्त एक मिनिट, गंगा इथे दक्षिणेला वाहते असं मानून दाखवावं. तसं बोलता येईल, लिहिता येईल, पैज असेल तर शपथेवर सांगताही येईल. मानता येणार नाही. उलट बंगालीची दहा अक्षरं शिकायची असं ठरवलं तर ती संध्याकाळपर्यंत येतील. शिकणं हुकमी असतं, मानणं हुकमी नसतं. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या पास्कालला हे नेमकं कळलं होतं. देव मानण्यात फायदा आहे हे पटूनही ज्याला मानता येत नाही, त्याला तो 'मान' असा हुकूम सोडत नाही. उपासना करत राहा, मानणं मागाहून येईल, असं सुचवतो. म्हणजे निवडता येतो तो आचार.

काशीला मरायला येणाऱ्यांकडे याच नजरेने पाहावं. काशी लाभ मुक्ति भवन १९५८ पासून अशा लोकांना शेवटच्या दिवसांत आसरा देतं. तिथे आलेल्या म्हाताऱ्याने आणि त्याच्या मुलांनी गाडी निवडलेली असते, दिवस निवडलेला असतो, बरोबर कोण येणार हे ठरवलेलं असतं. काशीत मेल्याने मोक्ष मिळतो, एवढी एकच गोष्ट त्यांनी निवडलेली नसते. ती त्यांच्या आजीनेही निवडली नव्हती.

२. दोन पैठणकर, आणि एक मामा-भाचे

भाषा श्रद्धेच्या पोटातून आपोआप निघते, असं मानणाऱ्यांनी सोळाव्या शतकातले दोन पैठणकर शेजारी ठेवून पाहावेत.

पहिले नारायणभट्ट. त्यांचे वडील रामेश्वरभट्ट पैठणहून काशीला गेले आणि घराणं तिथेच रुजलं. नारायणभट्टांनी संस्कृतात 'त्रिस्थलीसेतु' लिहिला. विश्वेश्वराच्या देवळाच्या पुनर्बांधणीशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. याच घराण्यात 'निर्णयसिंधु'कार कमलाकरभट्ट झाले आणि ६ जून १६७४ ला रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्टही झाले. दुसरे एकनाथ. तेही पैठणचे, तेही ब्राह्मण, संस्कृत उत्तम जाणणारे. त्यांनी भागवताच्या एकादश स्कंधावरची मराठी टीका शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, पुरी केली ती याच काशीत. संस्कृत ग्रंथ प्राकृतात आणला म्हणून काशीच्या पंडितांनी आक्षेप घेतला आणि पुढे त्याच ग्रंथाची मिरवणूक निघाली, असं परंपरा सांगते. मिरवणुकीचा तपशील बाजूला ठेवला तरी चालेल.

गाव एक, वर्ण एक, दैवतं बरीचशी तीच, शतक एक आणि शहरही एक. लिहिण्याची भाषा मात्र वेगळी. जन्म आणि श्रद्धा या दोहोंतून भाषा ठरत असती तर हा फरक पडायला जागाच नव्हती. म्हणजे मध्ये कुणीतरी निर्णय घेतला आहे. एकनाथांचा निर्णय आणखी अवघड, कारण तो संस्कृतच्या राजधानीत बसून संस्कृतला डावलण्याचा होता. त्याला तारीख आहे, ती ग्रंथातच नोंदलेली आहे. किंमतही आहे, ती परंपरेने लक्षात ठेवली आहे.

तीन शतकांनंतरची जोडी याहून बोलकी आहे. सखाराम गणेश देऊस्कर हे देवघरच्या बाजूला स्थायिक झालेल्या मराठी घरातले. त्यांनी लिहिलं बंगालीत. १९०४ साली निघालेलं त्यांचं 'देशेर कथा' बंगालमध्ये इतकं वाचलं गेलं, की सरकारने १९१० साली त्यावर बंदी घातली. त्यांचे भाचे बाबूराव विष्णु पराडकर १८८३ साली काशीत जन्मले, मराठी घरात. त्यांनी लिहिलं हिंदीत. मामाच्या त्या बंगाली पुस्तकाचं हिंदी भाषांतर भाच्यानेच केलं. ५ सप्टेंबर १९२० ला काशीतून 'आज' हे दैनिक सुरू झालं, आणि पराडकरांनी त्याच्या संपादकपदावरून हिंदी वृत्तपत्रांच्या गद्याला वळण लावलं. 'मुद्रास्फीति'सारखे शब्द रुजवण्याचं श्रेय हिंदी पत्रकारिता आजही त्यांना देते. (आपण त्याला साधं चलनवाढ म्हणतो, इथे मराठी जास्त शहाणी निघाली, असं माझं पक्षपाती मत.)

या मामा-भाच्यांची मातृभाषा विचारली तर उत्तर एकच, मराठी. पण एकाची गणना बंगाली वाङ्मयात होते आणि दुसऱ्याची हिंदी पत्रकारितेत. आईच्या दुधाचा सिद्धांत इथे काय कामाचा? त्या दुधाने पहिली भाषा दिली. हाताला काम आणि नावाला अर्थ दिला तो दुसऱ्या भाषेने, आणि ती दोघांनी कमावली होती.

काशीजवळच्या लमहीचे प्रेमचंद याच रांगेत बसतात. कायस्थ घरातला हिंदू मुलगा, लहानपणी मौलवींकडे फारसी शिकलेला, आधी उर्दूत लिहिणारा, नंतर हिंदीकडे वळलेला. 'बाज़ारे-हुस्न' ही कादंबरी त्यांनी उर्दूत लिहिली, पण 'सेवासदन' या नावाने वाचकांपुढे आधी हिंदीत आली. लिपी बदलली म्हणून प्रेमचंदांचा धर्म बदलला नाही, आणि धर्म हिंदू होता म्हणून उर्दू अडली नाही.

३. तारीख पुसली की जन्म उरतो

मग भाषा आणि धर्म यांची गाठ आपल्या डोक्यात इतकी घट्ट कशी बसली? याचंही उत्तर बनारसलाच सापडतं, आणि तेही विद्यार्थ्यांच्या हातून घडलेलं.

१६ जुलै १८९३ ला क्वीन्स कॉलेजच्या मुलांनी नागरी प्रचारिणी सभा काढली. श्यामसुंदर दास, रामनारायण मिश्र, शिवकुमार सिंह ही त्यांतली नावं. श्यामसुंदर दासांचं वय तेव्हा अठरा. कचेरीत फारसी लिपी चालत होती. त्या मुलांना नागरीसाठी जागा हवी होती. अठराव्या वर्षी आपण काय करत होतो हे आठवून पाहिलं, तर या उद्योगाबद्दल आदर वाटल्यावाचून राहत नाही. सात वर्षांच्या आत, एप्रिल १९०० मध्ये, प्रांताच्या सरकारने न्यायालयांत नागरीला परवानगी दिली. 'हिंदी शब्दसागर'सारखा कोश या सभेने उभा केला. ही भाषेची निवडच होती, स्वच्छ तारीख असलेली. पदरच्या वेळेने आणि वर्गणीने तिची किंमत मोजलेली होती.

पण दोन पिढ्यांत ती तारीख पुसली गेली. 'आम्ही नागरी निवडली' याचं 'आम्ही हिंदू, म्हणून आमची हिंदी' झालं. पलीकडे उर्दूचंही तेच झालं. निवड करणारे गेले आणि त्यांच्या नातवंडांना तीच गोष्ट जन्मखूण म्हणून मिळाली. समाजाचं निम्मं काम मला हेच दिसतं: कुणीतरी कष्टाने घेतलेल्या निर्णयावरची तारीख पुसायची आणि तो पुढच्यांच्या अंगावर जात म्हणून चढवायचा. मराठीही यातून सुटलेली नाही. एकनाथांनी निवडलेली मराठी आपण 'रक्तातली' म्हणून मिरवतो. रक्तात असती तर त्यांना काशीत बसून ओव्यांची मेहनत कशाला करावी लागली असती?

सरकारी कागद या बाबतीत आपल्यापेक्षा बरा. जनगणनेत मातृभाषेनंतर येणाऱ्या आणखी दोन भाषांना जागा असते, म्हणजे कमावलेल्या भाषांचीही नोंद होते. धर्माच्या रकान्यात 'आणखी कोणता?' असा पोटप्रश्न नाही, आणि तान्ह्या बाळाचा तो रकाना मोठी माणसंच भरतात.

४. नोव्हेंबर २०१९

आता ज्या घटनेमुळे हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे येतो.

नोव्हेंबर २०१९ मध्ये काशी हिंदू विद्यापीठाच्या संस्कृत विद्या धर्म विज्ञान संकायात (म्हणजे विद्याशाखेत), साहित्य विभागात, फिरोज खान यांची सहायक प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. ते जयपूरजवळच्या बगरूचे. संस्कृत लहानपणापासूनच शिकलेले. शास्त्री, आचार्य, मग पीएच. डी. वडील रमजान खान भजनं गाणारे, स्वतः संस्कृत शिकलेले. पुढच्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली. नेमणूक होताच संकायातले विद्यार्थी कुलगुरूंच्या निवासापुढे धरण्याला बसले. तिथे हवन झालं, मंत्र म्हटले गेले. मागणी एकच: मुसलमान अध्यापक इथे नको. विद्यापीठाचं उत्तर होतं, की निवड नियमांप्रमाणे आणि गुणवत्तेवर झाली आहे. त्याच आवारात दुसऱ्या विद्यार्थ्यांनी खान यांच्या बाजूने मोर्चाही काढला, हेही सांगितलं पाहिजे. बनारसचे विद्यार्थी म्हणजे एक ठोकळा नव्हे.

या प्रसंगावर 'सहिष्णुता विरुद्ध असहिष्णुता' असं पुष्कळ लिहून झालं. मला तो मुद्दा वरवरचा वाटतो. इथे तोलली गेली ती तारीख असलेली निवड आणि तारीख नसलेला वारसा. फिरोज खान यांच्या संस्कृतातल्या प्रत्येक पायरीला प्रमाणपत्र आहे, आणि प्रमाणपत्रावर साल आहे. विरोध करणाऱ्यांच्या दाव्याला आडनाव होतं. आणि आडनाव जिंकलं.

असं होणं अटळ होतं असंही नाही. सोलापूर जिल्ह्यातले पंडित गुलाम दस्तगीर बिराजदार आयुष्यभर संस्कृतासाठी झटले, मुंबईत वरळीला राहून शिकवत राहिले, आणि वाराणसीच्याच विश्व संस्कृत प्रतिष्ठानचे महासचिवही झाले. २०२१ साली ते वारले. त्यांच्या नावामागे 'पंडित' लावताना काशीला अडचण आली नव्हती. त्याच काशीत विद्यापीठातली कायमची नोकरी, पगार आणि वर्गातली खुर्ची आली की प्रश्न उभा राहतो. पाहुण्याला पाटावर बसवणं वेगळं आणि घराची किल्ली देणं वेगळं, हे आपल्यापैकी कुणाला माहीत नाही?

५. तीन आक्षेप

पहिला आक्षेप: श्रद्धा निवडता येत नसेल तर धर्मांतरांचं काय? डॉ. आंबेडकरांचं नाव यात सगळ्यांत आधी निघेल, आणि निघालंच पाहिजे. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात घोषणा, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा. मधली एकवीस वर्षं वाचण्यात, तोलण्यात, लोकांना तयार करण्यात गेली. दोन्ही तारखा आहेत आणि किंमत तर विचारूच नका. म्हणजे श्रद्धा निवडली जाऊ शकते, हे मी कबूल करतो. पण ती अशी निवडायची तर एकवीस वर्षं लागतात. 'ज्याची त्याची निवड' असं सैलपणे म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या श्रद्धेसाठी किती दिवस घालवले, हे सांगावं. याच माणसाला शाळेत संस्कृत घेऊ दिलं नव्हतं, फारसी घ्यावी लागली होती, हेही इथेच आठवतं. तिथेही ज्ञान, इच्छा, कुवत यांतलं काहीच आड आलं नव्हतं. जन्म आला होता.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे. भाषेची निवड म्हणता, पण पोराला इंग्रजी माध्यमात घालणारा बाप मोकळेपणाने निवडतो का? नाही निवडत. पराडकरांच्या हिंदीमागेही नोकरीचा भाग असणारच, माझ्या संस्कृतामागे मार्क होतेच. गरजेने केलेली निवड पूर्ण मोकळी नसते, हे मान्य. पण ती निवड उरतेच, कारण तिचा जमाखर्च मांडता येतो आणि तिच्याबद्दल पस्तावताही येतं. यावर जास्त वेळ घालवण्यासारखं काही नाही.

तिसरा आक्षेप मात्र वजनाचा आहे, आणि धरण्यावर बसलेल्यांतले विचारी विद्यार्थी तोच मांडत होते. ते म्हणत, भाषेला आमचा विरोध नाही. हा नुसता भाषेचा विभाग नव्हे, इथे धर्म शिकवला जातो, संस्कार आणि विधी केले जातात. जो ते मानत नाही तो ते कसं शिकवणार? विद्यापीठाचे संस्थापक मालवीयजी यांचा हेतूही ते पुढे करत होते. या म्हणण्याला हसण्यावारी नेणाऱ्यांशी माझं पटत नाही. गुरूने स्वतः आचरावं आणि मग शिकवावं, ही जुनी आणि आदरणीय कल्पना आहे. पौरोहित्य शिकवण्याची जागा असती तर मीही थबकलो असतो.

पण हा आक्षेप शेवटपर्यंत नेऊन पाहावा. पहिली गोष्ट, जागा साहित्याची होती. दुसरी, शिकवायला श्रद्धा हवी असेल तर ती प्रत्येकाची तपासायला हवी. संकायात शर्मा, मिश्र, त्रिपाठी, जोशी जो कोणी येईल, त्याला विचारायला हवं: वेद अपौरुषेय आहेत असं तुम्ही खरोखर मानता का? संध्या करता का? असं कुणी विचारत नाही. निवड समितीच्या अर्जात श्रद्धेचा रकाना नसतो, आणि धरण्यावर बसलेल्यांनीही तो मागितला नाही. नास्तिक शर्मा त्यांना चालला असता. म्हणजे मागितली जात होती ती श्रद्धा नव्हेच, श्रद्धेच्या नावाखाली जन्म मागितला जात होता. इथे आक्षेपाचा सगळा भार स्वतःवरच उलटतो. श्रद्धा ही निवड आहे असं तुम्ही मानता, तर निवड विचारा. ती विचारायचं धाडस नाही, म्हणून आडनाव वाचता.

तिसरी गोष्ट कायद्याची, थोडक्यात. हे केंद्रीय विद्यापीठ आहे, सरकारी पैशावर चालतं. १९१५ च्या मूळ कायद्यातच त्याची दारं सर्व जातिधर्मांना उघडी ठेवली होती, आणि संविधानाचं सोळावं कलम सरकारी नोकरीत धर्मावरून भेद करू देत नाही. मठ चालवायचा तर मठाचे नियम वेगळे असू शकतात. विद्यापीठाला ती सोय नाही.

६. पुढे काय झालं

आंदोलन लांबलं. फिरोज खान यांचा वर्ग त्या संकायात भरलाच नाही. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांनी तिथला राजीनामा दिला आणि त्याच विद्यापीठाच्या कला संकायात, संस्कृत विभागात रुजू झाले. विरोध शमला, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, त्यात नेमणूक योग्यच होती असं म्हणणारेही होते.

कालिदासाचं 'शाकुंतल' आणि मम्मटाचा 'काव्यप्रकाश' दोन्ही इमारतींत शिकवले जातात.